तीन घरांचा वीणेकरी

१९९१ च्या आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात मी एका वृद्ध वीणेकऱ्याचा फोटो काढला. नांदेडात फोटोचा धंदा, त्यामुळे वारीतही कॅमेरा गळ्यात असायचा. प्रत पाठवतो म्हणून पत्ता लिहून मागितला, तर वीणा खाली कशी ठेवायची? बाबा हसून म्हणाले, "किल्लारीकडलं हाव आमी. पुढल्या वारीला हितंच घिऊ की." पुढल्या वारीच्या गर्दीत ते दिसले नाहीत.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद, दोन्ही अंगावर आले. सुमारे दहा हजार माणसे गेली. मंगरूळला ढिगाऱ्याखालून चारएक दिवसांनी एक तान्ही मुलगी जिवंत निघाली. तिला काढणारा लष्करी अधिकारी पुढे तिचा शोध घेत राहिला आणि वीसहून अधिक वर्षांनी तिला भेटला.

स्टीव्ह मॅकरीचे तुम्ही ऐकले असेल. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत त्याने एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जगाने तिचे डोळे पाहिले, नाव त्यालाही ठाऊक नव्हते. २००२ मध्ये शरबत गुला सापडली, तेव्हा बुबुळे ताडून खात्री केली. माझ्याजवळ ताडायला काय होते? गावेच मूळ जागेवरून उठून दुसरीकडे वसली होती. जुन्या गावठाणात बाभळी माजलेल्या, नव्या गावात सरळ रस्ते आणि एकसारखी घरे.

मी फोटो घेऊन दारोदार फिरलो. पहिल्या घरी एका म्हातारीने तो छातीशी धरला. "हे आमचेच मामंजी." दुसऱ्या गावात एकाने गंधावरून आपला चुलता ओळखला. तिसऱ्या घरी तर कुणी काही बोललेच नाही, देव्हाऱ्यात जागा करून दिवा लावला. गेलेल्यांचा एकही फोटो ढिगाऱ्यातून हाती आलेला नव्हता, हे मला तिथे बसल्यावर कळले. खरे घर कोणते, हे मी कुणालाच विचारले नाही. नांदेडला येऊन तीन मोठ्या प्रती धुतल्या, चौकटी केल्या आणि एसटीने नेऊन दिल्या. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र तिन्ही घरी झाला.

चौथी प्रत अजून पिशवीत असते. औसा, उमरगा भागातली दिंडी दिसली की मी ती काढतो. वीणेच्या भोपळ्याला सुतळी गुंडाळलेली आहे आणि डाव्या कानाची पाळी फाटकी आहे. तुमच्या गावचे असतील, तर आषाढीला वाळवंटात मला हाक मारा.