निरोप घेण्याआधी



बरेच दिवस काही लिहिलं नाही. तीन महिने मॉरिशसला मुलाकडे होते, चातुर्मास लागायच्या आत परत आले. मंदिरात भेटेल ती विचारते, "तिकडे काय केलंस?" नातवाला सांभाळलं, समुद्र पाहिला आणि मुलांना पेटी शिकवली. आज त्या पेटीच्या वर्गाचा निरोप कसा घेतला, ते सांगते.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मुलं मात्र आपसात क्रिओल बोलतात. मुलाच्या घराजवळ, वाक्वा गावात, या मंडळींचा एक हॉल आहे. पेटी होती, तबला होता, शिकवायला कोणी नव्हतं. मी विशारद, म्हणून सुनेनं माझं नाव सुचवलं. मानधन घ्यायचं नाही, एवढं मी आधीच सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस वर्ग, बारा मुलं. जून म्हणजे तिकडे हिवाळा, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. माझं जेवण त्याआधी व्हायला हवं, म्हणून सगळ्यांनी वर्गाची वेळ अलीकडे घेतली. माझ्या नियमाचा केवढा मान राखला त्यांनी!

आणि मी काय केलं, ते ऐका.

वर्ग सगळ्यांना खुला होता. शेजारचा एक क्रिओल मुलगा यायचा, दहा वर्षांचा. बोटं अडखळायची, पण ताल पक्का. एके दिवशी तो काखेत मोठी डफासारखी चकती घेऊन आला. ती रावान. तिथलं सेगा नावाचं गाणं-नाचणं त्या वाद्यावर चालतं. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते जपलं, आणि 2014 साली युनेस्कोनं जगाचा वारसा म्हणून त्याची नोंद केली. रावान आजोबांनी बनवलेली होती. वाजवण्याआधी ती शेकावी लागते, म्हणून त्यानं ती दारात उन्हात ठेवली आणि मला म्हणाला, "मिस, बकऱ्याचं कातडं आहे, तापलं की छान बोलतं."

मी चटकन मागे सरले. "हे इथे आणायचं नाही," म्हटलं. आवाज चढलाच होता. तो काही बोलला नाही. रावान उचलली, घरी ठेवून आला, तासभर मान खाली घालून बसला. पुढच्या वेळी आलाच नाही. त्यानंतरही नाही.

मी मनाची समजूत घातली, आपला अहिंसेचा नियम, त्यात काय चुकलं? पण सामायिकाला बसले की तोच चेहरा समोर यायचा. एका सकाळी आठवलं, मिरजेला पेटी दुरुस्तीला दिली होती, तेव्हा कारागिरानं ती उघडून दाखवली होती. आत, भात्याला चामडंच लावलेलं. आणि हॉलच्या कोपऱ्यातला तबला? त्याची पुडी कशाची? त्यावर तर मी रोज ठेका धरायला सांगत होते. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मला माझ्या वाद्यांतलं कातडं दिसेनासं झालं होतं. त्याच्या वाद्यातलं तेवढं दिसलं.

कातडं मला आजही चालत नाही, ते सोडा. पण माझा नियम माझ्यासाठी आहे. तो मुलाच्या डोक्यावर आपटला, तर त्याला अहिंसा कसं म्हणायचं?

परतीची तारीख जवळ आली. मुलांच्या आया निरोपाच्या कार्यक्रमाची तयारी करत होत्या. मला मात्र वाटत होतं, आपण क्षमावाणीची भाद्रपदापर्यंत वाट पाहतो, पण भाद्रपदात हा मुलगा मला कुठे भेटणार? सुनेला घेऊन त्याच्या घरी गेले. आजोबा अंगणात होते. क्रिओलमध्ये क्षमा मागायला काय म्हणतात, ते सुनेकडून घोकून घेतलं होतं. मुलगा बाहेर आला, मी हात जोडले आणि म्हटलं, "पार्दों." पुढचं सुनेनं सांगितलं: माझ्याकडून तुझं मन दुखावलं, चूक माझी. वयानं पन्नास वर्षं मोठ्या बाईनं हात जोडलेले पाहून तो गोंधळला. आजोबांनी मला खुर्ची दिली. मुलगा फक्त म्हणाला, "मग शनिवारी आणू?"

शनिवारी त्यानं रावान आणली. सेगाचा ताल ऐकला आणि हसूच आलं, सहा मात्रांचा, थेट आपल्या दादऱ्याच्या जवळचा. मी पेटी धरली, मुलांनी सूर लावला, तो वाजवत राहिला. एका आईनं माझ्यासाठी कांदा-लसूण न घालता ढोलपुरी आणली होती, आपल्या पुरणपोळीची गोड नसलेली बहीणच. निघताना मुलं "सालाम, मिस" म्हणाली. तिकडे निरोप घेताना असंच म्हणतात.

विमानात डोळे भरून आले. बारा भावनांमधली पहिली अनित्य भावना, लहानपणापासून पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि ती मुलं परत दिसणार नाहीत हे पोटात उतरणं वेगळं. तरी मनावर ओझं नव्हतं. त्या दारात गेले नसते, तर हारतुरे, फोटो सगळं घेऊनही ते ओझं सोबत आलं असतं.

मैत्रिणींनो, मुलगी सासरी निघते, शेजारीण घर बदलते, कामाची मावशी गावी जाते. डबे भरून देतोच आपण. त्याआधी एकदा मनात पाहा, काही राहिलंय का? राहिलं असेल, तर भाद्रपदाची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.