पियानोची किंमत नेमकी ठरते कुठे?

नवीन पियानोची किंमत एकदा ऑनलाइन शोधून बघा. फोन, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांचे भाव क्षणात मिळतात. पियानोच्या फोटोखाली मात्र बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं, ‘किमतीसाठी संपर्क करा’.

माझी ताई बेंगळुरूला असते. भाची दहा वर्षांची, चार वर्षं कीबोर्डवर शिकतेय. आता तिच्या टीचर म्हणतात की खऱ्या पियानोच्या पट्ट्यांचं वजन बोटांना कळायला हवं. ताई-भाओजींनी त्यासाठी एफडी मोडायची तयारी ठेवली आणि चौकशीचं काम माझ्याकडे आलं, कारण “तू तर दिवसभर नेटवरच असतेस.”

एकाच मॉडेलचे दोन दुकानांतून दोन भाव आले. फरक साठ हजारांचा! ताई म्हणाली, “एक जण लुटतोय.” मलाही आधी तसंच वाटलं, पण आकडे कागदावर मांडल्यावर चित्र जरा वेगळं दिसलं.

समजा, डीलरला पियानो 3 लाखांना पडला आणि त्याने तो 4 लाख 20 हजारांना विकला. खरेदीवर त्याने 40 टक्के चढवले. पण विक्रीच्या किमतीत त्याचा वाटा साधारण साडेअठ्ठावीस टक्के. दोन्ही आकडे खरे, आणि बोलताना कोणता वापरायचा हे तो ठरवतो! शिवाय त्याच्याआधी आयातदाराचं मार्जिन लागलेलं असतं. कस्टम ड्यूटी मूळ खर्चात मिसळते आणि पुढची टक्केवारी तिच्यावरही चढते. शेवटी जीएसटी लागतो तो डीलरच्या नफ्यासकट पूर्ण किमतीवर. म्हणून सूट मागायची ती कर लावण्याआधीच्या रकमेवर. तेवढा करही कमी होतो.

मग डीलर एवढं मार्जिन का ठेवतो? पियानो काही रोज खपत नाही. दोनशे किलोंच्या आसपास वजनाचं वाद्य महिनोन्‌महिने शोरूममध्ये उभं असतं. जागेचं भाडं, अडकलेल्या पैशांवरचं व्याज, आणि विकलं जाईपर्यंत ते सुरात ठेवण्याचा खर्च चालूच. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, सूर हलतात. घरी आल्यावर तो नव्या हवेत रुळला की ट्यूनिंग करावंच लागतं. आपल्याकडे चांगले ट्यूनर मोजकेच, त्यामुळे मला तरी यासाठी पैसे मोजणं गैर वाटत नाही.

मला खटकते ती लपवाछपवी. आधी फुगवलेली किंमत, मग ‘फक्त याच आठवड्यात’ मोठी सूट. कधी डीलर असं नाव पुढे करतो की तुलनाच करता येत नाही. ‘रिटम्युलर’ हे जुनं जर्मन नाव, पण आज ते पियानो चीनमधली पर्ल रिव्हर कंपनी बनवते. वाद्य वाईट असतं असं मुळीच नाही. पण आपण पैसे वाद्याचे देतोय की नावाचे, हे विचारायला लाजू नये. (भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण काचेच्या शोरूममध्ये शिरलो की एकदम गप्प होतो!)

त्या साठ हजारांची उकल मजेशीर निघाली. स्वस्त दुकानाच्या भावात वाहतूक नव्हती, तिसऱ्या मजल्यावर चढवणं नव्हतं, स्टूल नव्हतं आणि घरचं ट्यूनिंगही नव्हतं. हे सगळं धरल्यावर फरक उरला अठरा हजारांचा. हे अठरा हजार मात्र निव्वळ मार्जिनचे. आता घासाघीस करायची तर तिथेच.

ताईने महागड्या दुकानात सरळ विचारलं, “दर कमी होत नसेल तर पहिल्या वर्षातली दोन ट्यूनिंग द्याल का? आणि वॉरंटी कोण देणार, तुम्ही की कंपनी?” दुकानदार जरा थांबला. मग म्हणाला, शोरूममध्ये वाजवायला ठेवलेला तोच पियानो थोडा कमी दरात देतो, ट्यूनिंगही देतो. भाचीने तो वाजवून बघितलाय, तिला आवडलाय. वॉरंटी नव्यासारखीच पूर्ण मिळणार का, हे आम्ही लेखी मागितलं आहे. सोमवारपर्यंत उत्तर येईल. तोवर एफडी बँकेतच आहे.