चुकलेल्या डार्टची सोय

डार्टबोर्ड घेताना माणूस किती घोळ घालतो! तारा किती पातळ, सिसलचे तंतू किती दाट, आकड्यांची रिंग निघते की नाही, सगळं तपासून होतं. मग बोर्ड भिंतीवर चढतो, पहिल्याच संध्याकाळी बाजूच्या रंगाला चार भोकं पडतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून हाताला लागेल तो सराउंड, म्हणजे बोर्डाभोवती बसणारं फोमचं कडं, उचलून आणला जातो. माझं मत नेमकं उलटं आहे. बोर्ड बरा असला की पुरे. सराउंड मात्र भिंत बघून आणि घरी येणारी माणसं बघून घ्यावा.

मला हा नाद इंग्लंडात आल्यावर लागला, अर्थातच पबमध्ये. तिथे भिंतीची फिकीर कोणी करत नाही. आधीच इतकी वर्षं टोचून घेतलेली भिंत, तिला आणखी एक भोक पडल्याने काय होणार? घरात तसं नसतं. त्यातून घर भाड्याचं असेल तर बहुधा पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट अडकलेलं असतं आणि घर सोडताना एजंट हातात यादी घेऊन भिंती तपासत फिरतो.

थोडं मोजमाप केलं की सराउंडचं काम समजतं. बोर्डाचा व्यास ४५१ मिलिमीटर. डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, रिंगची बाहेरची कड केंद्रापासून १७० मिलिमीटरवर. म्हणजे डबलच्या बाहेर आकड्यांचा जो काळा पट्टा उरतो तो साडेपाच सेंटिमीटरचा. बऱ्यापैकी हात बसलेल्या खेळाडूचं डबल हुकलं तरी डार्ट बहुतेक वेळा या पट्ट्यातच रुततो. त्याला सराउंड क्वचितच लागतो. बाजारातले गोल सराउंड बाहेरून सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे भोवती आणखी बारा सेंटिमीटरची सोय. ही सोय कोणासाठी? पाहुण्यांसाठी.

गणपतीचं जेवण झालेलं असतं, कोणीतरी म्हणतं, “काका, तुम्ही पण टाका की एक!” काका बाह्या सरसावून पुढे येतात आणि लगोरी फोडायला चेंडू मारावा तसा डार्ट मारतात. बोर्ड आणि डार्ट टाकायची रेघ यांच्यातलं अंतर २.३७ मीटर, तेवढ्यात डार्ट कुठे जाईल हे काकांनाही सांगता येत नाही. पण मी बघत आलोय, नवखा हात बहुधा खालीच मारतो. डार्ट सोडायला उशीर होतो, टोक जमिनीकडे झुकतं आणि डार्ट बोर्डाच्या फूटभर खाली जातो. गोल सराउंड मात्र चारही बाजूंना सारखाच रुंद. वर जिथे फारसं कोणी मारत नाही तिथेही बारा सेंटिमीटर, आणि खाली जिथे खरी गरज तिथेही बाराच. म्हणून ज्या घरी माणसांचा राबता आहे तिथे नुसत्या गोल सराउंडवर मी विसंबत नाही. मागे प्लायचा उभा तुकडा, त्यावर जुना कार्पेट ताणून स्टेपल केलेला, आणि हा तुकडा वरपेक्षा खाली जास्त उतरलेला. दिसायला तो बेताचाच, हे कबूल. कार्पेट मात्र हवाच. नुसत्या प्लायवर आडवा-तिडवा बसलेला डार्ट उडून परत येतो.

बोर्डासाठी दारांचं कपाट विकत घेणारे मला कळत नाहीत. दारं उघडली की डावी-उजवीकडची भिंत झाकते, खालची तशीच उघडी राहते. बंद केल्यावर दिवाणखान्यात शोभतं, एवढाच त्याचा गुण.

फोमबद्दल दोन शब्द. स्वस्तातले सराउंड बहुधा ईव्हीएचे असतात: वजनाला हलके, बोटाने दाबले तर दबणारे. पॉलियुरेथेनचे जड आणि घट्ट. सिसलची गंमत अशी की डार्ट काढल्यावर तंतू पुन्हा एकमेकांना चिकटतात, भोक बुजतं. फोमला ही विद्या येत नाही. पडलेलं भोक पडलेलंच राहतं आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मार बसला की फोमचा चुरा खाली पडू लागतो. तेव्हा सराउंड ही झिजायचीच वस्तू आहे. जाडी मात्र अवश्य बघावी. स्टीलचं टोक साधारण तीन सेंटिमीटर बाहेर असतं. पातळ फोममधून ते आरपार जाऊन भिंतीला टोचतं आणि सराउंड उचलेपर्यंत पत्ताही लागत नाही. रंग काळाच घ्यावा. भोकं कमी दिसतात आणि नेम धरताना डोळ्याच्या कोपऱ्यात लाल-निळं काही नाचत नाही.

सराउंडला स्क्रू नसतो, तो बोर्डाला आवळून बसतो. इथे एक अडचण आहे. विसाचा भाग लवकर झिजतो म्हणून आकड्यांची रिंग काढून बोर्ड अधूनमधून फिरवावा लागतो. फार घट्ट सराउंड असला की दर वेळी तो ओढून काढायचा, मग बोर्ड फिरवायचा, मग पुन्हा कडेकडेने अंगठ्याने दाबत बसवायचा. कंटाळा येतो, फिरवणं लांबत जातं आणि विसाच्या तिप्पटीपाशी तंतू उसवून फुगतात. घट्ट हवा, पण दोन हातांनी सहज निघेल इतपत.

आणि सराउंडने आवाज कमी होतो हा एक गोड गैरसमज. ठक्‌ ठक्‌ आवाज बोर्डाच्या मधल्या स्क्रूतून भिंतीत जातो. सराउंड त्या वाटेवर नसतोच. इथली ओळीने जोडलेली जुनी घरं, दोघांत एकच विटांची भिंत. शेजारच्या आजीबाईंना रात्री प्रत्येक डार्ट मोजता येतो. त्यावर उपाय म्हणजे प्लाय आणि भिंत यांच्यामध्ये रबराचे जाड तुकडे, किंवा बोर्ड सामायिक भिंतीवर लावायचाच नाही.

परवा मिल्टन कीन्सहून मित्राचा फोन आला. “अरे, कुठला सराउंड घेऊ?”

“आधी भिंत ठोकून बघ. आवाज कसा येतो?”

“पोकळ.”

म्हणजे प्लास्टरबोर्ड, साडेबारा मिलिमीटरचा. त्यात टोक लोण्यात शिरावं तसं शिरतं, आणि नुसत्या गट्टूवर बोर्डाचं वजनही फार काळ टिकत नाही. त्याला म्हटलं, मागचे लाकडी उभे दांडे शोध, त्यांना प्लाय मार, प्लायला बोर्ड लाव. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मुलाच्या हट्टापायी फुटबॉल क्लबचं चिन्ह असलेला लालभडक सराउंड मागवला. पार्सल आल्यावर पुन्हा फोन.

“बसतच नाहीये रे, केवढा घट्ट आहे!”

“थंडीत कडक झाला असेल. थोडा वेळ हीटरच्या खोलीत ठेव, मग खालून सुरुवात कर. आणि बसवायच्या आधी चिन्ह सरळ आहे ना बघ, नाहीतर पोरगा पुन्हा काढायला लावेल.”