रोजनिशीतली फुली

एडवर्ड लिअर आपल्याला माहीत असतो तो त्याच्या निरर्थक, धमाल कवितांमुळे. पण त्याचं पोट चालायचं ते निसर्गचित्रांवर. 1846मध्ये त्यानं चक्क राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे 12 धडे दिले होते. तरी तैलरंग आपल्याला नीट जमत नाहीत, ही बोच मनात होतीच. म्हणून 1852मध्ये, चाळिशीतला लिअर पंचवीस वर्षांच्या विल्यम होल्मन हंटकडे शिकायला गेला.

हंट प्री-राफेलाइट कंपूतला. या पोरांनी रॉयल अकादमीच्या ठरीव वळणाविरुद्ध बंड पुकारलं होतं. लिअरनं सिराक्यूजच्या खाणींची रेखाटनं दाखवली, तेव्हा हंटचं म्हणणं सरळ होतं: स्टुडिओत बसून नाही, खरा दगड आणि खरं झाड समोर ठेवून रंगवा. मग हेस्टिंग्जजवळच्या एका शेतघरात दोघं एकत्र राहिले. हंट रंगांचं शिकवायचा, लिअर ते वहीत उतरवून घ्यायचा आणि बदल्यात त्याला इटालियन शिकवायचा. वयानं पंधरा वर्षांनी लहान असलेल्या या गुरूला लिअर ‘डॅडी’ म्हणू लागला. ते नाव आयुष्यभर टिकलं.

पुढे हंट पॅलेस्टाइनला गेला, लिअर भूमध्य समुद्राच्या काठानं भटकत राहिला. मैत्री चालली ती पत्रांवर. 1840मध्ये इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं होतं. एका पेनीत देशात कुठंही पत्र जायचं आणि लंडनमध्ये तर टपाल दिवसातून कित्येकदा वाटलं जायचं. रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण सकाळी धाडलं तरी चालायचं. म्हणजे जवळजवळ आपलं चॅटिंगच.

लिअर तर पत्रांचा कारखानाच होता. कुणाचं चित्र खपलं, कुणाचं लग्न ठरलं, माझी नवी चित्रं बघायला कधी येताय, सगळं त्यात असायचं. गिऱ्हाइकं मित्रांच्या ओळखीतूनच मिळायची, त्यामुळे गप्पा आणि धंदा वेगळे काढता यायचे नाहीत. मुद्दाम चुकवलेली स्पेलिंगं, शब्दांच्या कोट्या आणि मध्येच स्वतःचं चित्र: गोल पोट, गोल चष्मा, काटकुळे पाय. पत्र उघडणारा हसणार, याची पुरेपूर सोय.

पण लिअर रोजनिशीही लिहायचा, आणि तिच्यात काही दिवसांपुढे नुसती एक फुली असते. फुली म्हणजे अपस्माराचा झटका. लहानपणापासून त्याला फिट्स येत. त्या काळी हा आजार म्हणजे लाज आणि कलंक. झटका येणार हे आधी जाणवलं की तो लोकांतून उठून जायचा. मित्रांपासून त्यानं हे शक्य तितकं लपवलं. इतकी पत्रं लिहिणाऱ्या माणसानं सगळ्यात मोठी गोष्ट एका चिन्हात मिटवून ठेवली.

हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. आमच्या ग्रुपमधला मीम टाकणारा मी आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची एक स्ट्रिप असते, ती ग्रुपमधल्या कुणाला माहीत नाही. जास्त जोक म्हणजे वाईट आठवडा, हे माझं मला कळतं.

मग लिअरची ती मैत्री खोटी होती का? मला तसं वाटत नाही. फुलीच्या दुसऱ्या दिवशी कुणाला तरी हसवायला बसणं, हेही जवळ जाणंच आहे. फक्त ते एकाच बाजूनं होतं. 1888च्या जानेवारीत तो इटलीत सान रेमोला गेला, तेव्हा अंत्यविधीला जुन्या मित्रांपैकी कुणी नव्हतं. पत्रं मात्र लोकांनी जपून ठेवली होती.

लिअरच्या काळी त्या आजाराचं नाव घेणं महाग पडलं असतं. मला तेवढं महाग नाही. ग्रुपवर नाही, पण एका मित्राला तरी मी फुलीचा अर्थ सांगणार आहे. मीम त्यानंतर पाठवेन.