हाकोनेच्या घाटात एक दिवस

लहानपणी आमच्या गावच्या किराणा दुकानात भिंतीवर एक जुनी दिनदर्शिका टांगलेली असे. वर्ष सरले तरी दुकानदार ती काढीत नसे, कारण तिच्यावर फुजी पर्वताचे चित्र होते. पायथ्याशी निळे सरोवर, माथ्यावर पांढरेशुभ्र बर्फ. गूळ-मीठ आणावयास गेलो की आम्ही ते चित्र पाहत उभे राहावे आणि घरी उशिरा आल्याबद्दल आईची बोलणी खावी, असा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे संसार, शेती, मुलांची शिक्षणे यांत ते चित्र मागे पडले. परंतु मनातून पुसले गेले नाही.

आमचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त जपानात योकोहामा येथे असतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता खानापूर तालुक्यातील आपले घर शेजाऱ्यांच्या हवाली करून तीन आठवडे त्याच्याकडे जाऊन राहिलो. एके दिवशी त्याने आमच्या हाती दोन तिकिटे व एक कागद ठेवला. कोठे उतरावयाचे, कोठे गाडी बदलावयाची, सर्व त्यावर मराठीत लिहिले होते. “बाबा, आईला घेऊन हाकोने पाहून या. या एकाच तिकिटावर आगगाडी, दोराची गाडी, रोपवे, बोट आणि बस, सगळे चालते. आकाश मोकळे असले तर फुजीही दिसेल,” असे तो म्हणाला.

सकाळी आगगाडीने ओदावारा गाठले. तेथून पाव तासात हाकोने-युमोतो आले. येथून पुढची गाडी म्हणजे खरे नवल. १९१९ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग ८.९ किलोमीटरचा आहे. गोरा या शेवटच्या स्टेशनास पोहोचण्यास सुमारे चाळीस मिनिटे लागतात. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की हजार मीटर पुढे जाताना गाडी ऐंशी मीटर वर चढते. तीन डब्यांच्या गाडीचे पुढचे टोक अशा जागी मागच्या टोकाहून साडेतीन मीटर तरी उंच असते! वळणेही विलक्षण तोकडी. तेथे रूळ व चाके झिजू नयेत म्हणून वंगण घालावे, तर गाडी उतारावर घसरण्याची भीती. म्हणून गाडी आपल्याबरोबर पाण्याची टाकी वाहते आणि वळणावर रुळांवर पाणी शिंपडीत जाते.

तीन ठिकाणी तर पुढे मार्गच नाही. गाडी थांबते, चालक पुढून मागे येतो, गार्ड मागून पुढे जातो, आणि शेपटीकडचा डबा पुढे होऊन गाडी नागमोडी वर चढू लागते. पूर्वी आपल्या खंडाळ्याच्या घाटातही असेच एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर त्याची गरज उरली नाही. दोन्ही कर्मचारी वाटेत एकमेकांसमोरून जाताना नमस्कार करीत, ते पाहून पत्नीस मोठे कौतुक वाटले. “रोज दहा वेळा भेटत असतील, तरी नमस्कार चुकत नाही,” असे ती म्हणाली.

जून हा तेथेही पावसाचा महिना. मार्गाच्या दोन्ही बाजूंस हायड्रेंजियाचे निळे-जांभळे गुच्छ फुलले होते; डब्याच्या खिडकीस ते अगदी घासून जात. कॅसलरॉकच्या घाटातून दूधसागराकडे उतरताना जी हिरवी, ओली झाडी दिसते तिची आम्हांस आठवण झाली. पाऊस मात्र येथेही कधी कधी काळ होऊन येतो. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या चक्रीवादळात हाकोने येथे एकाच दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस झाला. रूळ व पूल वाहून गेले, आणि ही गाडी पुन्हा धावू लागण्यास २०२० चा जुलै उजाडला.

गोरा येथे दोराने ओढली जाणारी गाडी लागते. विहिरीच्या रहाटाला दोन घागरी बांधाव्यात, एक वर येताना दुसरी खाली जावी, तशीच हिची रचना. अर्ध्या वाटेवर रूळ दुभंगतात व दोन्ही गाड्या एकमेकींना वाट देतात. दहा मिनिटांत आम्ही सोउनझान येथे पोहोचलो. येथून रोपवेच्या पाळण्यात बसून ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीवरून पलीकडे जावयाचे, आणि तेथून फुजी दिसतो. आमची पावले आपोआप भरभर पडू लागली.

तोच पत्नीने आमची बाही धरली. भिंतीवर सूचना लावलेली होती. दरीतून गंधकाचे विषारी वायू निघतात. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तेथे जाऊ नये. २०१५ च्या जूनअखेर येथे लहानसा उद्रेकही झाला होता व रोपवे बंद ठेवावा लागला होता. आमच्या पत्नीस गेली वीस वर्षे दमा आहे. पंप सदैव तिच्या पिशवीत असतो.

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस तिची काळजी वाटली नाही, राग आला. आयुष्यभर पाहीन म्हटलेले चित्र दोन पावलांवर आणि मध्ये ही पाटी! “पाळणा काही मिनिटांतच पलीकडे जातो. तोंडावर रुमाल धर,” असे आम्ही बोलून गेलो. तिने वाद घातला नाही. “अहो, तुम्ही जाऊन या. मी इथे बसते. तुमची किती वर्षांची इच्छा,” एवढेच ती म्हणाली व बाजूच्या सज्जात जाऊन बसली.

आम्ही रांगेत उभे राहिलो. चार माणसे पुढे सरकली. मागे वळून पाहिले, तर ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली. परका मुलूख, भाषेचे एक अक्षर येत नाही, आणि धाप लागली तर पंप हाती देणारे कोणी नाही. आमच्या रुमालाच्या सल्ल्याची आम्हांस लाज वाटली. आम्ही रांग सोडली.

त्या सज्जात ऊन पाण्याचे लांबट कुंड आहे. प्रवासी त्यात पाय सोडून बसतात. आम्हीही बसलो. शेजारी एक वृद्ध जपानी बाई होत्या, त्या नुकत्याच दरीतून परतल्या होत्या. त्यांनी पत्नीच्या हातातील पंपाकडे पाहिले, मग त्या सूचनेकडे पाहिले, आणि आपल्या पिशवीतून एक काळेकुट्ट अंडे काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. तेथील ऊन झऱ्यात उकडल्याने लोहगंधकाचा थर बसून अंड्याचे कवच असे काळे पडते. आत मात्र ते नेहमीसारखेच असते. एक अंडे खाल्ल्यास आयुष्य सात वर्षांनी वाढते, अशी तिकडे समजूत आहे.

आल्या वाटेने खाली उतरून कोवाकिदानी येथून आम्ही घाटातील बस धरली व आशी सरोवराच्या काठी आलो. तेथे जुन्या तोकाइदो मार्गावरील नाका पुन्हा पूर्वीसारखा बांधून ठेवला आहे. १६१९ मध्ये उभारलेला हा नाका १८६९ पर्यंत चालू होता. राजधानी एदो, म्हणजे आजचे तोक्यो, सोडून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची येथे फार कसून तपासणी होई. सरदारांच्या बायका एदोत ओलीस असत. त्या निसटल्या तर बंड होईल, ही धास्ती. त्यांना तपासण्यास खास बाई नेमलेली असे. हे वाचून पत्नी हसली. “मलाही आज एका नाक्यावर अडवलेच की!” ती म्हणाली. “पण तुम्ही पुढे गेला नाहीत.” आम्ही काहीच बोललो नाही, रांगेतील ते क्षण तिने पाहिले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांच्या जुन्या राईतून चालत आम्ही पाण्याकाठी बसलो. पलीकडे ढगांचा नुसता पांढरा पडदा. फुजी शेवटपर्यंत दिसला नाही. पत्नीने ते अंडे काढले, सोलले, दोन भाग केले व एक आमच्या हातावर ठेवला. “साडेतीन तुम्हांला, साडेतीन मला,” ती म्हणाली. एकट्याने सात वर्षे अधिक जगून तरी काय करावयाचे होते?

संध्याकाळी मुलाने विचारले, “फुजी दिसला का?” आम्ही नाही म्हटले. त्यास वाईट वाटले. आम्हांस मात्र तितकेसे वाटले नाही.

आपल्यापैकी कोणी हाकोनेस गेल्यास त्या पाटीची आठवण ठेवावी. आजारी माणसास बसची दुसरी वाट आहे, आणि ती वाटही सुंदर आहे.