बाईंचा प्रकल्प आणि घरचं बियाणं

आज बाबांच्या पेजवर मी, त्यांची मुलगी लिहितेय. आता नववीत जाईन.

सुट्टीसाठी बाईंनी प्रकल्प दिला, पण विषय दिलाच नाही. "तुला पडलेला प्रश्न घे," म्हणाल्या. आठवडा नुसता विचारात गेला. मग घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची ठरवली. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी चांगले उगवलेले मोजले. ५८ भरले.

बाबा म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकलं असणार." वहीत ७५ लिहून मोकळं व्हावं, असं मनात आलंही. पण पेरणी चार एकरांची. पुन्हा दोन गुंडाळ्या लावल्या. एकीत ५६, दुसरीत ६०. या वेळी बाबांनी स्वतः मोजले. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पावसाच्या घाईत मळणीयंत्र जोरात पळवलं होतं." सोयाबीनचं टरफल पातळ, मार लागला की उगवण जाते.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो लागतं, म्हणून यंदा ३६ किलो धरलंय.

शाळा उघडल्यावर बाई विचारतील, काय शिकलीस? सांगेन, आकडा आवडला नाही तरी बदलायचा नाही. आणि बाबांनाही "परत मोजू" म्हणता येतं.

तुम्ही तपासलंत का बियाणं?