वीस वेळा हापसा

मांडव्यासमोर नांगर टाकून आम्ही पोहे खात होतो, तेव्हा होडीवरचा संडास बिघडल्याचं कळलं. हँडल मारलं की भांडं रिकामं व्हायचं आणि पाच मिनिटांत तेच घाण पाणी परत वर यायचं.

होडी मित्राची. सव्वीस फुटी, शिडाची, सेकंडहँड. आम्ही तिघं मित्र आणि टीममधली एक मैत्रीण. मित्र म्हणाला, "संध्याकाळी मुंबईला पोचल्यावर बघू. तोवर एवढा समुद्र आहेच की!" आम्ही तिघंही हसलो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर तिकीट 'लो प्रायॉरिटी'त गेलं.

अकराला ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं. आम्ही घटाघटा पाणी पीत होतो. तिची बाटली मात्र सकाळी भरली तशीच होती.

"पाणी पी की."

"नकोय रे," म्हणत ती दुसरीकडे बघायला लागली.

हे 'नकोय' माझ्या ओळखीचं होतं.

सांगवीला आमच्या घरी संडास बांधला तेव्हा मी चौथीत होतो. त्याआधी आजी आणि आई पहाटे अंधारात परसाकडला जायच्या, उसाच्या आडोशानं. ऊस तुटून गेला की आडोसाही जायचा. उन्हाळ्यात रात्री जेवताना आजी आमचे पेले भरायची आणि स्वतः दोन घोट घ्यायची. "सांजच्याला पाणी कमीच बरं बाबा," म्हणायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना तहान लागत नसेल. शेजारून नीरा वाहतेय, रानात ऊस उभा आहे, आणि घरातल्या बायका पाणी मोजून पितायत. हे कोडं मला तेव्हा पडलंच नाही.

मी मित्राकडे टूलबॉक्स मागितला.

असा पंप मी लहानपणापासून बघितलेला होता. आमच्याकडचा हापसा. जालना आणि सोलापूरला तयार झालेल्या पंपांवरून 1970च्या दशकात 'इंडिया मार्क टू' घडवला गेला, तोच. दट्ट्या वर-खाली होतो आणि झडपा पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देतात. वायसर गेला की कितीही हापसा, पाणी वर येत नाही. होडीच्या संडासात तेच तत्त्व, फक्त काम दुहेरी. दट्ट्याच्या वरच्या बाजूनं समुद्राचं पाणी भांड्यात येतं, खालच्या बाजूनं घाण बाहेर ढकलली जाते.

बग शोधायची पद्धतही ओळखीची. हँडल जड लागत असेल तर बाहेर जाणारी नळी तुंबलीय किंवा तिचा कॉक बंद आहे. पाणी येतच नसेल तर आत येणारी बाजू बघायची. गेलेलं परत येत असेल तर संशय पंपाच्या तोंडाशी असलेल्या रबरी झडपेवर. बदकाच्या चोचीसारखी असते ती. तिला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात.

आधी होडीच्या तळाचे दोन्ही कॉक बंद केले. कोड चुकला तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. इथे नळी खोलली आणि कॉक उघडा राहिला, तर समुद्र आत येतो.

हातमोजे, बादली, स्क्रू ड्रायव्हर. वासानं दोनदा वर येऊन मोकळा श्वास घेतला. चोच निघाली ती उघड्या तोंडानंच. आत पांढरा, दगडासारखा थर. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की कॅल्शियमचे क्षार साचतात. आम्ही तीन-चार वेळा हँडल मारून निघून यायचो, बाकीचं नळीतच राहायचं. बिघाड आमच्या घाईतून तयार झाला होता.

सुटे भाग डब्यातच होते. नवी झडप बसवली, कॉक उघडले, भांडं रिकामं केलं आणि दहा मिनिटं बघत बसलो. पाणी परत आलं नाही. सगळं काम पाऊण तासाचं.

ती खाली जाऊन आली आणि अर्धी बाटली एका दमात प्यायली. मग म्हणाली, "सकाळीच सांगणार होते. पण तुम्ही हसलात."

आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

कॉलेजात असताना मी 'तारिणी'च्या बातम्या रोज वाचायचो. नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017ला गोव्याहून निघाल्या आणि 254 दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. लाटा, वादळं, मैल, सगळं तोंडपाठ होतं. सहाजणी एवढ्याशा होडीवर संडासाचं काय करत असतील, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. ज्याचं अडत नाही, त्याला प्रश्न दिसत नाही.

परतताना संडासाच्या दारावर मी चिठ्ठी चिकटवली : 'वीस वेळा हापसा.'

रात्री घरी फोन केला. आईला सहज विचारलं, आजी पाणी पिते का गं नीट?

"पिते की आता," आई म्हणाली. "रात्री दोनदा उठते."